सेवांतर्गत प्रशिक्षण, आपत्कालीन वैद्यकातील

कामावर रुजू असलेले डॉक्टर, परिचारिका व रुग्णवाहिकेवरील कर्मचारी यांना तातडीच्या उपचारांतील बदल शिकविणारे आणि आधीची कौशल्ये पुन्हा घोटून घेणारे प्रशिक्षण.

त्याचा उगम कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. पुष्कळ लेखक तो एका अपघाताशी जोडतात. फेब्रुवारी १९७६ मध्ये अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे विमान अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात कोसळले. पत्नी मृत्युमुखी पडली, मुले जखमी झाली. मुलांना मिळालेले प्राथमिक उपचार स्टायनर यांना फारच अपुरे वाटले आणि त्यातून १९७८ मध्ये जखमींवरील प्रगत उपचारांचा (एटीएलएस) पहिला वर्ग भरला. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९८० मध्ये तो अभ्यासक्रम स्वीकारला. हकीकत खरी असली, तरी हा आरंभ म्हणणे कठीण आहे, कारण हृदयविकारावरील प्रगत उपचारांचे (एसीएलएस) वर्ग त्याआधीच सुरू झाले होते. दुसरे मत १९६० हे वर्ष धरते. त्या वर्षी कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी हृदय थांबल्यावर बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच सुमारास नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आस्मुंड लार्डाल यांनी सरावासाठी मानवाकृती पुतळा तयार केला. मात्र वैद्यकीय व्यावसायिकांना ही पद्धत ठरावीक प्रमाणानुसार शिकवावी, अशी शिफारस १९६६ च्या अमेरिकन परिषदेत झाली. म्हणून १९६६ हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

एकदा शिकून भागत नाही, याचे एक कारण म्हणजे शास्त्रच बदलते. प्रौढांसाठी छातीच्या १५ दाबांमागे २ कृत्रिम श्वास हे प्रमाण २००५ मध्ये ३० ला २ झाले. २०१० मध्ये श्वासमार्गाऐवजी छातीदाबाने सुरुवात करण्याचा क्रम आला. २०१५ मध्ये मिनिटाला १०० ते १२० ही गती आणि ५ सेंमी. खोलीला ६ सेंमी.ची वरची मर्यादा घातली गेली. इजेमुळे होणाऱ्या रक्तस्रावाबाबत क्रॅश-२ या चाचणीने (२०१०) ट्रॅनेक्सॅमिक आम्ल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचा लाभ दाखविला. मात्र पुढील विश्लेषणानुसार ते इजेनंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते. उशिरा दिल्यास अपाय संभवतो. जुन्या पद्धतीत मुरलेल्या हाताला असा बदल सहज वळण लावत नाही. पुनरुज्जीवनविषयक (थांबलेले हृदय व श्वास पुन्हा सुरू करण्याविषयीच्या) पुराव्यांचा आंतरराष्ट्रीय आढावा १९९२ मध्ये स्थापन झालेली इल्कोर ही समिती घेते.

दुसरे कारण विस्मरणाचे. छातीदाबाचे कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच ढासळू लागते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. प्रमाणपत्राची मुदत मात्र बहुधा दोन वर्षांची असते. त्यामुळे दीर्घ वर्गापेक्षा कामाच्या जागीच थोडा थोडा, वारंवार सराव द्यावा, या मताकडे आता कल आहे. पुतळ्यातील संवेदक दाबाची खोली मोजतात. दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दिली नाही, तळहाताचा भार तसाच राहिला, तर तेही पडद्यावर उमटते. थकलेल्या माणसाला स्वतःची ही चूक जाणवत नाही, म्हणून साधारण दोन मिनिटांनी दाबणारा बदलण्याची सवय लावली जाते.

अलीकडे पथकातील बोलणेही शिकविले जाते. प्रमुखाने औषधाचे नाव व मात्रा सांगायची, देणाऱ्याने ती मोठ्याने परत उच्चारायची आणि औषध दिल्यावर ‘दिले’ असे कळवायचे. सरावानंतरच्या चर्चेत हाच भाग सर्वाधिक तपासला जातो.