थंडीत सायकल चालवायचीय? मग आधी घामाचा विचार करा

थंडीत सायकल घेऊन बाहेर पडताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात, बाहेर किती डिग्री आहे. पाच डिग्री दिसलं की कपाटातलं सगळ्यात जाड जॅकेट निघतं, आत स्वेटर, त्याच्या आत सुती टीशर्ट, आणि मग वीसेक मिनिटांत माणूस आतून घामाघूम, झिप उघडावी तर वारा झोंबतो, न उघडावी तर उकडतं, आणि पुढे उतार लागला की तोच घाम गार पडून अशी हुडहुडी भरते की ब्रेक दाबताना हात थरथरतात. मग वाटतं जॅकेटच कमी पडलं, पुढच्या वेळी अजून जाड घालायचं, आणि त्रास अजून वाढतो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय म्हणून सरळच सांगतो, सायकलवरचे थंडीचे कपडे हे थंडीसाठी कमी आणि घाम अन् वारा यांच्यासाठी जास्त निवडायचे असतात.

आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा वापरतात त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचते, बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणजे पेडलवर १५० वॅटचा जोर लावला, जो बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला तासभर टिकवता येतो, तर त्याच वेळी शरीरात ४५० ते ६०० वॅट उष्णता तयार होत असते, एखादा छोटा हीटर अंगातच चालू ठेवल्यासारखं. आणि आपण काय घालतो, तर थंडीत रस्त्याच्या कडेला उभं राहण्यासाठी बनवलेलं जॅकेट, जे १०० वॅटवाल्या माणसासाठी ठीक आहे. घाम येणारच.

आता वाऱ्याचं बघू. बाहेर झाडाचं पानही हलत नसलं तरी ताशी २५ किलोमीटरनी चाललेल्या माणसाच्या छातीवर ताशी २५ किलोमीटरचा वारा सतत आदळतोच, कारण तो वारा त्याचा स्वतःचाच असतो. त्वचेला लागून हवेचा एक पातळ, अंगाच्या उष्णतेनी कोमट झालेला थर असतो आणि वारा नेमका तोच उडवून नेतो. याचं पहिलं नीट मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४१ मध्ये अंटार्क्टिकावर केलं, प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते बाहेर वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे त्वचेला प्रत्यक्षात किती डिग्रीची थंडी जाणवते तो आकडा, हा प्रकार तिथून आला. आज अमेरिका आणि कॅनडात वापरतात तो सुधारित फॉर्म्युला २००१ चा, त्यात ५ डिग्री तापमान आणि ताशी २५ किलोमीटर वारा घातला तर उत्तर येतं साधारण अर्धा डिग्री, आणि शून्य डिग्रीला ताशी ३० घातलं तर उणे ६ च्या आसपास. सायकलवाल्याचं खरं तर याहून थोडं जास्तच वाईट असतं, कारण त्या फॉर्म्युल्यात जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा वारा धरलेला आहे, चेहऱ्याच्या उंचीवर तो बराच कमी होतो असं त्यात गृहीत आहे, आणि आपल्या तोंडावर मात्र पूर्ण २५ चा वारा येतो.

पण एक गोष्ट लोक विसरतात. विंड चिलचा आकडा उघड्या त्वचेसाठी असतो. वर वारा अडवणारं पातळसं कापड आलं की त्या भागापुरता हा आकडा जवळजवळ निकामी होतो. म्हणून छातीवर जाड लोकरीचा स्वेटर घालून वारा आरपार जाऊ देण्यापेक्षा पातळ जर्सीवर (सायकलिंगचा अंगाला बसणारा शर्ट) कागदासारखं हलकं विंडप्रूफ जॅकेट कितीतरी जास्त ऊब देतं. जुन्या काळापासून शर्यतीतले सायकलपटू घाटमाथ्यावर जर्सीच्या आत छातीवर चक्क वर्तमानपत्र कोंबून उतरायला लागायचे, त्यामागचं विज्ञान एवढंच.

चढ आणि उतार, सगळा गोंधळ इथेच होतो. चढावर वेग ताशी १० आणि जोर पूर्ण, म्हणजे उष्णता भरपूर, वारा नाहीच. माथा ओलांडला की वेग ताशी ५०, पाय थांबलेले, उष्णता परत जवळपास बसल्या माणसाइतकी आणि वारा पाचपट. हा बदल एका मिनिटात होतो. इटलीतल्या जिरो शर्यतीत ५ जून १९८८ ला गाविया खिंडीत बर्फ पडत असताना काय झालं ते या बाबतीत सगळ्यांनी वाचावं असं आहे. अमेरिकन सायकलपटू अँडी हॅम्पस्टनच्या टीमनं त्या दिवशी सकाळीच स्कीइंगच्या दुकानातून टोप्या, ग्लोव्हज वगैरे गोळा करून ठेवले होते, त्यानं माथ्याजवळ ते चढवले आणि त्या संध्याकाळी गुलाबी जर्सी, म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढे असलेल्याला मिळते ती, त्याच्या अंगावर होती, पुढे शर्यतही त्यानंच जिंकली. योहान व्हान डेर व्हेल्डे मात्र अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत, ग्लोव्हज न घालता, सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोचला. चढताना त्याला तेवढे कपडे पुरलेच ना! उतारावर गारठून त्याला थांबावं लागलं आणि तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. चढण्याची ताकद दोघांकडेही होती, फरक उतारासाठी केलेल्या तयारीत होता.

आता अंगाला लागून असलेला पहिला थर, बेस लेअर. माझ्या मते पैसे आणि डोकं दोन्ही आधी इथे खर्च करावं, जॅकेटवर नंतर. एक ग्रॅम घाम सुकायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. समजा टीशर्टमध्ये २०० ग्रॅम घाम मुरलाय, जे सुती टीशर्टच्या बाबतीत अजिबात अवघड नाही, आणि तो पुढच्या अर्ध्या तासात सुकतोय, तर हिशोब येतो सुमारे २६५ वॅट. सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, थोडी बाहेरच्या हवेतूनही येते, पण तुम्ही थांबलेले असाल, शरीर जेमतेम १०० वॅट बनवतंय आणि ओला टीशर्ट त्याच्या दुपटीनं खेचायला बघतोय, तर काकडणार नाही तर काय होणार. त्यात पाणी हे स्थिर हवेपेक्षा साधारण २५ पट चांगलं उष्णता वाहून नेतं, म्हणजे कापडातल्या हवेच्या जागी घाम शिरला की ऊब धरून ठेवणारी हवाच गेली.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. एक सुती आणि एक पॉलिएस्टरचा टीशर्ट घ्या, कोरडे असताना किचनच्या वजनकाट्यावर वजन करा, दोन्ही भिजवून घट्ट पिळा आणि परत वजन करा. सुती कापडानं किती पाणी धरून ठेवलंय ते आकड्यात दिसतं, आणि दोन्ही दोरीवर टाकले की पॉलिएस्टर वाळून जातो आणि सुतीच्या शिवणी अजून ओल्याच असतात. कारण असं की कापसाचा धागा पाणी आत पिऊन घेतो, फुगतो, मऊ पडून अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरच्या धाग्याच्या आत पाणी एक टक्कासुद्धा शिरत नाही, ते धाग्यांमधल्या फटीतून पसरत बाहेरच्या बाजूला येतं आणि तिथून उडतं. मेरिनो लोकर या दोघांपेक्षा वेगळी, तिचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल वाफेच्या रूपात आत घेऊ शकतो आणि तरी बाहेरून ओला लागत नाही, शिवाय वासही कमी येतो. हळू आणि लांब जायचं असेल, मध्ये मध्ये थांबणार असाल तर मी मेरिनोच सांगेन, जोरात तासाभराची राईड असेल तर पातळ पॉलिएस्टर, कारण मेरिनो एकदा खरंच भिजली की वाळायला वेळ घेते. तिसरा प्रकार जाळीच्या बनियनचा, दिसायला विचित्र, पण मोठ्या छिद्रांमध्ये हवा अडकून राहते आणि घाम त्वचेवर न साचता वरच्या थरात जातो, कडक थंडीतही लोक हे आनंदानं घालतात. कुठलाही घ्या, अंगाला लागून बसला पाहिजे, ढगळ बेस लेअर त्वचेला टेकतच नाही तर घाम ओढणार कसा.

मधल्या थराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आतून मऊ केसाळ असलेली पूर्ण बाह्यांची सायकलिंग जर्सी किंवा पातळ फ्लीस, काम एकच, हवा धरून ठेवणं. वरचं जॅकेट इतकं घट्ट नको की हा थर दाबला जाईल, कारण दाबला की हवा गेली. एका जाड थरापेक्षा दोन पातळ बरे, कारण एक काढता येतो.

बाहेरच्या थरात लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती वॉटरप्रूफ शब्दावरून. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला, त्यातून पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही पण वाफ जाते, आणि गोरटेक्स आलं. पण वाफ आपोआप बाहेर जात नाही, आतला दमटपणा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच ती तिकडे ढकलली जाते आणि तेही एका मर्यादेत. जोरात चढ चढताना घाम त्या मर्यादेच्या पुढे जातो, वर पावसानं बाहेरचं कापड भिजून बसलं तर आणखीच अडतं, मग आतून ओलं झालं की लोक म्हणतात जॅकेट गळतं. गळत नसतं ते, तो आपलाच घाम असतो. म्हणून कोरड्या थंडीत वॉटरप्रूफ घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, विंडप्रूफ पुरतं. त्यातही पुढून विंडप्रूफ आणि पाठीला साधं किंवा जाळीचं कापड असलेलं घ्या, कारण सायकलवाल्याला वारा मुख्यतः समोरून लागतो, पाठ मोकळी राहिली की वाफ तिथून निघून जाते. मागून थोडं लांब हवं, वाकल्यावर कंबर उघडी पडते. आणि बिनबाह्यांचं विंडप्रूफ, ज्याला जिलेट म्हणतात, ते घडी करून खिशात मावतं, माथ्यावर थांबून घालायचं आणि खाली पोचून काढायचं, इतक्या कमी वजनात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही.

हातापायांचं गणित वेगळं आहे. गारठा वाढला की शरीर आतले अवयव गरम ठेवायला बोटांकडचा रक्तप्रवाह कमी करतं, आणि बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात, म्हणजे बोटांना स्वतःची अशी उष्णता जवळपास नाही. त्यात हँडल धरून हात स्थिर आणि सगळ्यात पुढे, पूर्ण वाऱ्यात. फ्रेंच सायकलपटू बेर्नार इनोनं १९८० ची बेल्जियममधली लिएज बास्टोन लिएज शर्यत बर्फात जिंकली, १७४ जणांमधले फक्त २१ जण शेवटपर्यंत पोचले आणि तो दुसऱ्यापेक्षा नऊ मिनिटांहून जास्त पुढे होता, पण त्याच्या दोन बोटांची हालचाल पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. हात गार पडत असतील तर नुसते ग्लोव्हज जाड करून भागत नाही, छाती आणि मनगट गरम आहे का ते बघा, कारण बोटांकडे जाणारं रक्त तिथूनच जातं. दोन दोन बोटं एकत्र राहतात ते लॉबस्टर ग्लोव्हज खरंच जास्त गरम असतात आणि ब्रेकही दाबता येतो. पायात मात्र जाड मोजे कोंबून बूट घट्ट करणं ही सगळ्यात वाईट युक्ती, रक्त अडतं आणि हवाही उरत नाही, त्यापेक्षा नेहमीचे मोजे आणि बुटावरून विंडप्रूफ शू कव्हर.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते हे तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं नाही. डोक्याचं क्षेत्रफळ अंगाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. तरी हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी हवीच, कान फार लवकर बधिर होतात. गुडघ्यांवर ना मांस ना चरबी, तर १५ डिग्रीच्या खाली ते झाकलेले बरे.

ढोबळ अंदाज द्यायचा तर, १५ डिग्रीच्या आसपास साधी जर्सी, आर्म वॉर्मर (हातावर चढवायच्या सुट्या बाह्या) आणि खिशात जिलेट. १० ला बेस लेअर आणि पूर्ण बाह्यांची जर्सी, पातळ ग्लोव्हज. ५ ला त्यावर विंडप्रूफ, लांब टाइट्स, शू कव्हर. शून्याच्या खाली गेलं की थर तेच, फक्त मधला थोडा जाड आणि हातपाय, चेहरा जास्त झाकलेले. यात स्वतःप्रमाणे एखादा थर इकडे तिकडे होतो, काहींना मुळातच जास्त थंडी वाजते. कसोटी एकच, पहिली दहा मिनिटं जरा गार वाटलं पाहिजे, दारातच मस्त ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झालेत. आणि झिप घाम यायच्या आधी उघडायची, चढ समोर दिसला की लगेच, घाम आल्यावर उघडून उपयोग नाही कारण तोपर्यंत बेस लेअर भिजलेला असतो. सगळ्यात वाईट हवामान उणे पाच कोरडं नव्हे, चार डिग्री आणि पाऊस हे आहे. तेव्हा मात्र वॉटरप्रूफच घाला, आतून ओलं होणार हे धरून चाला, वेग कमी ठेवा आणि ग्लोव्हजचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी यात एक थर वाढवावा, वारा तोच असतो आणि मोटार जोर लावते तेवढी अंगात उष्णता कमी तयार होते. आणि मागच्या सीटवर लहान मूल असेल तर कृपा करून स्वतःच्या अंगावरून त्याचे कपडे ठरवू नका. तुम्ही पेडल मारून ५०० वॅट तापलेले असता, ते बिचारं बसून असतं, त्याच वेगात, त्याच थंडीत, आणि लहान अंग गारही पटकन पडतं. त्याला खरंच जाड जॅकेट लागतं, पाय नुसते लोंबकळत असतात म्हणून पायाला जास्त, आणि मधेमधे थांबून त्याच्या मानेला आत हात लावून बघायचं. मान गार लागली तर तिथेच थांबून एक थर वाढवायचा, अजून दोनच किलोमीटर राहिलेत असं म्हणत पुढे जायचं नाही.