पार्श्वभूमी : दहावीचे केंद्र, बाहेरचे पर्यवेक्षक आणि गावाकडची मुले

युवक विकास आणि कॉपीमुक्त परीक्षा या दोन गोष्टींना एखाद्या महिला आमदाराने एका दमात पाठिंबा दिला, तर ऐकणाऱ्याला त्यातली जोड लगेच लागत नाही. एक विषय रोजगाराचा, दुसरा शाळेचा. ही जोड सापडते दहावीच्या गुणपत्रिकेत.

ग्रामीण डाकसेवकाची भरती लेखी परीक्षेविना होते. दहावीचे गुण, त्यांवर यादी, यादीवरून नेमणूक. सांगली-साताऱ्यातल्या जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी पट्ट्यातल्या मुलामुलींना घराजवळ मिळू शकणाऱ्या मोजक्या सरकारी कामांपैकी हे एक. या यादीत वेगवेगळ्या वर्षी दहावी झालेले उमेदवार एकाच रांगेत उभे असतात. २०१९ साली राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला होता. २०२१ साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. या दोन वर्षांचे गुण एकाच तागडीत तोलले जातात. त्यात २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. आधी तो काही मोठ्या शहरांपुरता होता, आता कराड, विटा, इस्लामपूरच्या मुलांनाही गुणांच्या यादीतूनच जावे लागते. त्यामुळे शेजारच्या केंद्रावर कोणी चिठ्ठ्या पुरवल्या, तर त्याची किंमत दुसऱ्या गावातल्या प्रामाणिक मुलीला मोजावी लागते.

जुना इतिहास थोडक्यात. काले गावात १९१९ मध्ये सुरू झालेल्या आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आलेल्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ यांतून शेतकऱ्यांच्या पोरांना शाळेत आणले, हे इथे नव्याने सांगायला नको. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. १९६६ पासून राज्य मंडळ आले, १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे आज एकाच विभागीय मंडळाखाली आहेत. ‘युवा’ कोणाला म्हणायचे हेही मधल्या काळात बदलले. २००३ च्या राष्ट्रीय धोरणात १३ ते ३५ वर्षे, २०१४ च्या धोरणात १५ ते २९. म्हणजे दहावीला बसणारे मूल नव्या व्याख्येच्या उंबरठ्यावरच उभे असते.

महिला लोकप्रतिनिधींची परंपरा इथे आहे, पण तुटक. सांगलीतून लोकसभेत गेलेल्या एका माजी महसूलमंत्री पुढे कोरेगावच्या आमदार होत्या. तासगाव-कवठेमहांकाळने २०१५ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ मध्ये महिलेला निवडून दिले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या १६ जागांपैकी एकाही जागेवर महिला निवडून आली नाही. म्हणून आज या विषयावर महिला आमदाराचा आवाज उठतो तेव्हा तो विधान परिषदेतला किंवा बाहेरच्या मतदारसंघातला असतो, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

शब्दांचा एक गुंता इथे सोडवायला हवा. लोक ‘कॉपी’ म्हणतात, मंडळ ‘गैरमार्ग’ म्हणते, कायदा ‘गैरप्रकार’ म्हणतो. ‘पेपर फुटणे’ ही त्याहून निराळी गोष्ट, पण भाषणात सगळे एकत्र होते. जून २०२४ मध्ये केंद्राचा जो कडक कायदा अमलात आला, ज्यात तीन ते पाच वर्षे कैद आणि संघटित गुन्ह्याला किमान एक कोटी दंड आहे, तो केंद्रीय भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने मांडलेले विधेयक स्पर्धा परीक्षांसाठी. दहावी-बारावीसाठी आधार आहे तो १९८२ चा राज्याचा जुना कायदा. ‘नवा कायदा आलाय, आता कॉपी बंद’ असे व्यासपीठावरून सांगितले जाते तेव्हा पालकांची दिशाभूल होते.

प्रत्यक्ष मोहिमेला जोर आला तो २०१० च्या सुमारास, नांदेड जिल्ह्यातल्या प्रयोगानंतर. तिथे महसूल, पोलीस आणि शिक्षण खाते एकत्र केंद्रांवर उभे राहिले. पुढे ‘गैरमार्गाशी लढा’ हे नाव राज्यभर गेले, भरारी पथकांबरोबर केंद्रावरच बसून राहणारी बैठी पथकेही आली. कोरोनाच्या काळात घडी विस्कटली. २०२२ मध्ये मुलांना आपल्याच शाळेत परीक्षा देता आली. त्या वर्षी ते बरोबरच होते, पण ‘आपलेच केंद्र, आपलेच सर’ ही सवय काही ठिकाणी मागे उरली. २०२३ मध्ये पेपर दहा मिनिटे आधी देणे बंद झाले, कारण प्रश्नपत्रिका त्या दहा मिनिटांत मोबाइलवर फिरत होती. ती दहा मिनिटे शेवटी जोडून दिली गेली.

मग आला जानेवारी २०२५ चा निर्णय, आणि खरी गाठ तिथेच आहे. केंद्र संचालक, पर्यवेक्षक आणि परीक्षेशी संबंधित इतर कर्मचारी दुसऱ्या शाळांतून नेमायचे, असे मंडळाने सुरुवातीला ठरवले. मुख्याध्यापक आणि शिक्षकांच्या संघटनांनी विरोध केला. सरसकट सगळ्या शिक्षकांवर अविश्वास दाखवला, हे त्यांचे दुखणे खरे होते. व्यवहारातली अडचणही खरी होती. पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरी भागातल्या शिक्षकाने सकाळी साडेदहाच्या आत तीस किलोमीटरवरच्या केंद्रावर पोचायचे कसे, आणि त्याच्या शाळेतली आठवी-नववी कोणी सांभाळायची? काही दिवसांतच निर्णय बदलला. २०१८, २०१९, २०२०, २०२३ आणि २०२४ या पाच परीक्षांत जिथे गैरप्रकार आढळले, तेवढ्याच केंद्रांवर बाहेरचे कर्मचारी नेमायचे ठरले. कोरोनाची दोन वर्षे वगळली गेली.

वरकरणी हा मधला मार्ग शहाणपणाचा दिसतो. मला त्यात मोठी उणीव दिसते. गैरप्रकार ‘आढळले’ म्हणजे काय? ज्या केंद्रावर संचालकाने धाडसाने मुलाला पकडले, पंचनामा केला, अहवाल पाठवला, त्या केंद्राची नोंद झाली. ज्या केंद्रावर सगळे माहीत असून कोणी कागदावर काही उतरवले नाही, त्याची पाटी कोरी राहिली. म्हणजे बाहेरचा माणूस प्रामाणिक केंद्रावर येतो आणि डोळेझाक करणाऱ्या केंद्रावर जुनाच माणूस राहतो. पुढच्या वर्षी नोंद कोण करील? त्यात त्याच फेब्रुवारीत, कॉपीला साथ देणारे शिक्षक बडतर्फ करू आणि सामूहिक कॉपीचे केंद्र कायमचे बंद करू, असे सरकारने जाहीर केले. शिक्षा जितकी मोठी, तितकी नोंद टाळण्याची ओढ वाढते. आणि केंद्र बंद झाले, तर दूरच्या केंद्रावर एसटीने कोणाला जावे लागते? बहुतेकदा ज्यांनी काही केलेले नसते त्या मुलींना.

सगळीकडे बाहेरचे कर्मचारी नेमणे हा मूळ निर्णय म्हणूनच मला जास्त न्याय्य वाटतो. कोणावर डाग नाही, कोणाला सूट नाही. फक्त तो जानेवारीत नव्हे, जूनमध्ये जाहीर व्हायला हवा होता, आणि प्रवासभत्त्यासह.

निकालाच्या टक्केवारीवरून या मोहिमेचे यश मोजण्याचा मोहही टाळायला हवा. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० वर उतरला, २०२० मध्ये ९५.३० वर चढला. ही चढउतार कॉपीची नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण एका वर्षी काढले आणि दुसऱ्या वर्षी परत दिले, त्यामुळे ती झाली.

आमदाराच्या हातात इथे काय आहे, तर दोन गोष्टी. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी, ज्यातून गावोगाव अभ्यासिका उभ्या राहू शकतात. आणि सभागृहातला तारांकित प्रश्न, ज्याला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते, किंवा लक्षवेधी सूचना. केंद्रनिहाय नोंदींचा तपशील, प्रत्येक तालुक्यातल्या कोऱ्या पाट्यांसह, सभागृहात मागता येतो. फेब्रुवारीच्या परीक्षेसाठी केंद्रांच्या याद्या पक्क्या होण्याआधी, म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो प्रश्न आला, तर त्याचा उपयोग त्याच वर्षीच्या मुलांना होईल.