लाकडी विमानाच्या मोडलेल्या स्पारची दुरुस्ती

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, चेरी ग्रोव्ह या लहानशा गावी, बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन बसवून ‘एअर कॅम्पर’ हे दोन आसनी लाकडी विमान उडवले. त्याच्या आराखड्यांवरून हौशी मंडळी आजही घरच्या घरी विमान बांधतात. असे काम करताना पंखातली एखादी रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी चौकट, मोडली तर ती सरळ नवी करावी. खरा विचार करावा लागतो तो स्पारचा, म्हणजे पंखाचा सारा भार पेलणाऱ्या लांब तुळईचा.

लाकूड तंतूंच्या दिशेने भरपूर ताण सोसते, पण आडव्या कापलेल्या टोकांना टोके चिकटवली, तर उत्तम गोंदही तिथे फारसा टिकत नाही. म्हणून दोन्ही तुकडे लांब उतार देऊन कापतात आणि ते उतार एकमेकांवर बसवतात. जाडीच्या बारापट लांबी हे त्याचे रूढ प्रमाण आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या स्पारला त्यामुळे ३०० मिलिमीटर लांबीचा सांधा लागतो. इतक्या मोठ्या पृष्ठभागावर भार विभागला जातो आणि गोंदावर मुख्यतः सरकवणारा जोर येतो; असा जोर गोंद चांगला पेलतो. पंख जिथे धडाला किंवा आधारदांड्याला जोडला जातो, तिथल्या धातूच्या जोडपट्ट्यांखाली मात्र सांधा येता कामा नये.

उताराला शेवटचा हात धारदार रंध्याचाच हवा, कारण पॉलिश पेपरची भुकटी लाकडाची छिद्रे बुजवते. रिसॉर्सिनॉल गोंदाला घट्ट दाब आणि अगदी पातळ थर लागतो. एपॉक्सी गोंद वापरताना उलट क्लॅम्प (दाबून धरणारा शिकंजा) फार आवळला, तर गोंदच बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. त्याच गोंदाचा, त्याच लाकडाचा एक नमुना सोबत जोडून ठेवावा आणि पुरता वाळल्यावर तोडून पाहावा: फाटायला हवे ते लाकूड, गोंदाची रेघ नव्हे.

एका दोषाला मात्र मी दुरुस्तीची सवलत मुळीच देणार नाही. पंखाचे टोक जमिनीवर आपटले की दाबाने तंतू आतल्या आत चुरडतात आणि स्पारवर आडवी, केसासारखी सुरकुती उमटते. ती समोरून सहसा दिसत नाही. टॉर्चचा झोत तंतूंना समांतर, लाकडाला जवळजवळ टेकवून सोडला तरच तिची सावली पडते. अशी सुरकुती दिसली की स्पार बदलायचाच.