सेल्फ मारल्यावर नुसतं टक् होतं, तेव्हा आत काय चाललेलं असतं?

बटण दाबलं, डॅशबोर्ड उजळला, स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला, एसीचा ब्लोअर पण सुरू झाला आणि बॉनेटखालून आवाज आला फक्त एक टक्. अडीच टनांची एसयूव्ही जागची हलेना. मग टोइंग, मग सर्व्हिस सेंटर आणि दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर कोटेशन, की पूर्ण स्टार्टर असेम्ब्ली (म्हणजे अख्खा सेल्फ, इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलावी लागेल. आकडा बघून माणूस आधी पाणी पितो. पण खूप वेळा आत गेलेला असतो तो सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, आणि सोलेनॉइडमध्ये पण गेलेला असतो तांब्याचा एक छोटा कॉन्टॅक्ट, आणि हे ओळखायला स्कॅनर लागतोच असं नाही, कान आणि एक मल्टिमीटर पुरतो.

आधी त्या सोलेनॉइडचं काम काय ते बघू. त्याला एकाच झटक्यात दोन कामं करायची असतात. एक म्हणजे सेल्फच्या टोकाचं छोटं गिअर (आपले मेकॅनिक त्याला सरसकट बेंडिक्स म्हणतात) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये अडकवायचं, आणि दुसरं, ते अडकल्यावरच मोटरला बॅटरीचा मोठा करंट द्यायचा. मोठा म्हणजे पेट्रोल इंजिनाला दीड-दोनशे अँपिअर, मोठ्या डिझेलला तर त्याच्या दुप्पट पण जातो, कारण डिझेलला स्पार्क प्लग नाही, हवा दाबून दाबूनच ती इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे, त्यामुळे इंजिन फिरवायलाच जास्त जोर लागतो. एवढा करंट बटणातून किंवा स्टिअरिंगजवळच्या बारीक वायरीतून नेला तर वायर जळेल, म्हणून बटण फक्त सोलेनॉइडला जागं करतं आणि जाड केबलचं काम सोलेनॉइड करतो.

आता खरी गंमत. सोलेनॉइडच्या आत गुंडाळी एक नसते, दोन असतात, एकावर एक. जाड तारेची ती पुल-इन आणि बारीक तारेची ती होल्ड-इन. दोघींचं एक टोक एकाच ठिकाणी, ५० नंबरच्या टर्मिनलला, जिथे स्टार्टचा सिग्नल येतो. होल्ड-इनचं दुसरं टोक बॉडीला अर्थ. पुल-इनचं दुसरं टोक मात्र थेट अर्थला नाही, ते मोटरच्या टर्मिनलला जोडलेलं, म्हणजे तिला अर्थ मिळतो मोटरमधून.

दोन का लागतात? चुंबकाची ओढ अंतरावर फार अवलंबून असते, मधली फट निम्मी झाली की ओढ साधारण चौपट होते. सुरुवातीला आतला लोखंडी प्लंजर (मागेपुढे सरकणारा दांडा) लांब असतो, शिवाय स्प्रिंग त्याला मागे रेटत असते, तेव्हा दोन्ही गुंडाळ्या मिळून जोर लावतात. प्लंजर आत येऊन टेकला की फट जवळजवळ संपते आणि त्याला धरून ठेवायला बारीक गुंडाळी एकटी पुरते. मग जाड गुंडाळी बंद कोण करतं? कोणीच नाही, ती आपोआप बंद होते! प्लंजर शेवटाला पोचला की त्याच्या मागची तांब्याची चकती ३० नंबर (बॅटरीची जाड केबल) आणि मोटरचं टर्मिनल एकमेकांना जोडते, त्याबरोबर पुल-इनच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज येतो, आणि दोन्हीकडे सारखा व्होल्टेज असला की करंट वाहायचं कारणच उरत नाही.

आणि बटण सोडल्यावर? हा भाग मला सगळ्यात आवडतो. ५० ला सिग्नल बंद झाला, पण चकती अजून चिकटलेलीच आहे, म्हणजे मोटरच्या टर्मिनलला अजून बारा व्होल्ट आहेतच. ते तिथून पुल-इनमधून उलटे शिरतात आणि पुढे होल्ड-इनमधून सुलट अर्थला जातात. करंट तोच, दोन्ही गुंडाळ्यांचे वेढे सारखे ठेवलेले, एकीत उलटा आणि एकीत सुलट, म्हणजे दोघींचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं आणि स्प्रिंग प्लंजरला मागे फेकते. ना ट्रान्झिस्टर ना सॉफ्टवेअर, नुसती तार गुंडाळायची पद्धत. यातली एखादी गुंडाळी आतून शॉर्ट झाली की हिशोब बिघडतो, मग इंजिन चालू झालं तरी सेल्फ अडकून राहू शकतो. चकती वितळून चिकटली तर तोच प्रकार, फक्त जास्त जोरात.

एवढं कळलं की आवाज वाचता येतो. टकटकटकटक असं भराभर वाजलं तर पहिला संशय बॅटरीवर, नाहीतर तिच्या सैल किंवा बुरशी आलेल्या टर्मिनलवर. दोन्ही गुंडाळ्या प्लंजर ओढतात, चकती जुळते, मोटर करंट मागते, अशक्त बॅटरीचा व्होल्टेज धाडकन पडतो, बारीक गुंडाळीला तो पुरत नाही, चकती सुटते, मोटर बंद, व्होल्टेज परत वर, परत ओढ, असं सेकंदाला कितीतरी वेळा. पण एकच ठणठणीत टक् आला आणि हेडलाइट अजिबात मंद झाले नाहीत, तर प्लंजर आला पण करंट मोटरमधून गेलाच नाही, म्हणजे कॉन्टॅक्ट जळालेत नाहीतर मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत. आणि आवाजच नाही तर ५० ला सिग्नल येतोय का ते आधी बघा, रिले, इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक), ब्रेकचा स्विच, ऑटोमॅटिकचा पार्क-न्यूट्रल स्विच, यातलं काहीही असू शकतं, तिथे सोलेनॉइड बदलून उपयोग शून्य.

कॉन्टॅक्ट जळतो म्हणजे किती? नाशिकच्या द्वारका, मुंबई नाका भागातल्या एखाद्या सेल्फ-डायनॅमोवाल्याच्या टेबलाशी उभं राहून उघडलेला सोलेनॉइड बघा. तांब्याच्या दोन तुकड्यांपैकी एक बराचसा शाबूत, दुसऱ्याला मधोमध काळा खड्डा, कडेला वितळून गोठलेले मणी, आणि चकतीवर एक गोल चर. प्रत्येक स्टार्टला तिथे ठिणगी उडते आणि थोडं तांबं उडून जातं. अशा जागी फक्त ०.०१ ओहमचा रेझिस्टन्स आला आणि २०० अँपिअर जात असतील तर २ व्होल्ट तिथेच गायब, आणि ४०० वॅटची उष्णता त्या इवल्याशा खड्ड्यात. म्हणून मल्टिमीटरचे दोन प्रोब ३० वर आणि मोटरच्या टर्मिनलवर ठेवून सेल्फ मारायला सांगायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर दोष आतल्या कॉन्टॅक्टचा, बॅटरीला बोल लावू नका.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात, दहा मिनिटांनी बटण दाबलं तर गाडी उठत नाही, आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू! लोक म्हणतात सेन्सर असेल. असतो पण कधी कधी, पण सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाशेजारी असेल तर आधी हे बघा: तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, गुंडाळी ८० डिग्रीने तापली की रेझिस्टन्स तीस टक्क्यांच्या वर चढतो, करंट त्या प्रमाणात कमी, ओढ त्याहून कमी. जुना सोलेनॉइड तिथेच हार मानतो. उलट थंडीत निफाडचा पारा पाचच्या खाली गेला की इंजिन ऑइल घट्ट आणि बॅटरी ढिली, तेव्हा दोष बहुतेक बॅटरीचाच निघतो.

आता बदलायचं काम. सोलेनॉइड म्हणजे मोजके स्क्रू आणि एक हुक, त्रास आहे तो तिथे पोचायचा. काही मोठ्या व्ही-८ गाड्यांत, उदाहरणार्थ लेक्सस एलएक्स ४७० मध्ये, सेल्फ इंजिनाच्या व्हीच्या मधे, इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याखाली) बसवलाय. म्हणजे पूर्ण मॅनिफोल्ड उतरवा, नवीन गॅस्केट आणा, आणि उघड्या पोर्टमध्ये आधी स्वच्छ कापड कोंबा, कारण एक नट आत पडला की सोलेनॉइड राहिला बाजूला, हेड उघडायची वेळ येते. एवढी मजुरी देऊन आत जायचंच असेल तर कॉन्टॅक्टसोबत प्लंजर, कार्बन, बुश सगळं तपासूनच घ्यावं असं माझं मत. नाहीतर चार महिन्यांनी परत तेच मॅनिफोल्ड.

बॅटरीची निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायची, यात सूट नाही. ३० नंबरला कायम बॅटरी असते, बहुतेक गाड्यांत मधे फ्यूज पण नसतो, पाना त्याला आणि बॉडीला एकदम लागला की पानाच वेल्ड होतो. बीएमडब्ल्यू एक्स-५ सारख्या गाडीत बॅटरी मागे डिकीत असते, बॉनेटखाली दिसतात ते नुसते जंपचे पॉइंट, तेव्हा नीट शोधा. बसवताना ३० चा नट जिवाच्या आकांताने आवळू नका, स्टड बेकेलाइटच्या टोपीत बसवलेला असतो, ती तडकते. आणि हातोडीने ठोकून सेल्फ चालू करायची ती जुनी युक्ती एखाद्या वेळी घरी पोचवते हे खरं, पण आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये कायमचुंबक चिकटवलेले असतात, ते फुटले तर मोटरच गेली.

सेल्फ बाहेर काढलेला असतानाच एक टेस्ट करून घ्या. मोटरचं टर्मिनल आणि बॉडी दोन्ही बॅटरीच्या निगेटिव्हला, पॉझिटिव्ह ५० ला, की गिअर खाडकन बाहेर येतं. मग फक्त मोटरच्या टर्मिनलची वायर काढायची. गिअर बाहेरच राहिलं तर होल्ड-इन ठीक, आत गेलं तर ती गुंडाळी तुटलेली. हे सगळं चार-पाच सेकंदांत, नाहीतर गुंडाळी तापते. मात्र रस्त्यावरच्या सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांपैकी काहींना डेन्सोचा टँडेम सोलेनॉइडवाला स्टार्टर असतो, त्यात गिअर ढकलणारा वेगळा आणि मोटरला करंट देणारा वेगळा, स्टार्ट-सिग्नलच्या वायरी पण दोन, तिथे ही टेस्ट अशीच्या अशी लावून चालत नाही, दोघांना वेगवेगळं बघावं लागतं.