'अप टू स्क्रॅच' ते 'सेव्ह्ड बाय द बेल': मुष्टियुद्धाच्या नियमांनी इंग्रजीला दिलेले वाक्प्रचार

काम अपेक्षेइतके चांगले उतरले नाही की इंग्रजीत 'नॉट अप टू स्क्रॅच' म्हणतात. यातला 'स्क्रॅच' म्हणजे मुष्टियुद्धाच्या रिंगणात मधोमध आखलेली रेघ.

1743 साली लंडनमध्ये जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने सात नियम लिहून काढले. मंचाच्या मध्यावर खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा. गडी खाली पडला की त्याच्या मदतनिसाने अर्ध्या मिनिटात त्याला त्या चौकोनाच्या कडेला आणून उभे करायचे. नाही जमले तर गडी हरला. यात एक मोठी उणीव होती. भेलकांडणाऱ्या गड्यालाही मदतनीस धरून आणू शकत आणि तो पुन्हा मार खाई. 1838 च्या 'लंडन प्राइझ रिंग' नियमांनी ती दूर केली: 30 सेकंद विश्रांती आणि पुढच्या आठ सेकंदांत गड्याने कुणाचाही आधार न घेता रेघेपाशी यायचे. 'अप टू स्क्रॅच' असण्याची कसोटी ती हीच.

'स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच' मात्र मुष्टियुद्धातला नाही, तो धावण्याच्या शर्यतीतला. तिथे कमकुवत धावपटूंना काही यार्ड पुढून सुरुवात मिळे आणि सवलत नसलेला धावपटू मूळ रेघेवरून सुटे. म्हणजे 'स्क्रॅच'वरचा गडी बहुधा सर्वांत तगडा! 'शून्यापासून सुरुवात' हा अर्थ पुढे चिकटला. दोन्ही वाक्प्रचारांचा उगम एकच असल्याचे बिनदिक्कत सांगितले जाते, ते चूक आहे.

हार मानणे म्हणजे 'थ्रो इन द टॉवेल'. आधी टॉवेलच्या जागी स्पंज होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये गड्याचे तोंड पुसायला मदतनिसाच्या हाती असलेला स्पंजच तो वर भिरकावी, की लढत सोडली. गड्याला स्वतःहून हार पत्करणे जड जाते, म्हणून हा निर्णय कोपऱ्यातल्या माणसाचा.

फेऱ्या घड्याळावर आल्या त्या 'मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी' नियमांमुळे. जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी लिहिलेले हे नियम 1867 मध्ये प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद. त्याआधी गडी पडला की फेरी संपे, त्यामुळे घंटेने वाचण्याचा प्रश्नच नव्हता. आता मोजणी सुरू असताना घंटा झाली तर गडी बचावू लागला आणि 'सेव्ह्ड बाय द बेल' रूढ झाले. जिवंत पुरले जाण्याच्या भीतीने शवपेटीला बांधलेल्या घंटेची गोष्ट समाजमाध्यमांवर सतत फिरते. तशा पेट्यांची पेटंटे खरोखर घेतली गेली, पण वाक्प्रचार तिथून आलेला नाही. अमेरिकेतल्या आजच्या एकत्रित व्यावसायिक नियमांनुसार तर खाली पडलेल्याला कोणत्याच फेरीत घंटा वाचवू शकत नाही. मोजणी पूर्ण होते.

'बिलो द बेल्ट'ची मुळेही ब्रॉटनच्या सातव्या नियमात सापडतात: पडलेल्याला मारायचे नाही आणि कमरेखाली कुठेही पकडायचे नाही. मराठी राजकीय बातम्यांत 'कमरेखालचा वार' आज सर्रास दिसतो.

'हॅट इन द रिंग' म्हणजे आपल्याकडचे शड्डू ठोकणे. आव्हान देणारा आपली हॅट रिंगणात टाकी. 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हेच शब्द वापरले आणि तेव्हापासून अमेरिकी निवडणुकीच्या भाषेत ते पक्के बसले.