फोटोच्या मागे लिहिलेलं फोटोच्या आत कसं टिकवायचं

आत्याकडचे जुने फोटो स्कॅन करायला घेतले तेव्हा कळलं की खरा खजिना फोटोच्या पाठीमागे आहे. निळ्या शाईत, आजोबांच्या अक्षरात, ‘धाकटीचं बारसं, वैशाख शके १८८३’. काही फोटोंच्या मागे काहीच नव्हतं, तिथे आत्या बोट ठेवून सांगत होती, ही अमक्याची सासू, हा गड्याचा मुलगा, हे मागचं पडवीचं दार, आणि मी फोटोंच्या एका सॉफ्टवेअरमध्ये भराभर टाइप करत होते. तीन रविवार गेले त्यात. दोन वर्षांनी लॅपटॉप बदलला, फोटोंचं फोल्डर कॉपी केलं, फोटो सगळे आले पण टाइप केलेलं एक अक्षरही आलं नाही. परत आत्याकडे गेले तर चार चेहरे तिला आता ओळखूच येईनात.

झालं काय होतं, तर त्या सॉफ्टवेअरने नावं फोटोत लिहिलीच नव्हती, स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, ठेवली होती. स्क्रीनवर फोटोखाली नाव दिसतं म्हणून आपल्याला वाटतं ते फोटोतच आहे, पण फोटोची फाइल उचलून दुसरीकडे नेली की डेटाबेस मागेच राहतो.

आता फोटोत लिहायचं म्हणजे नक्की कुठे? जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, म्हणजे नुसते रंगाचे ठिपके नसतात, चित्राचा डेटा सुरू व्हायच्या आधी छोटे छोटे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याची लांबी दोन बाइटच्या (बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा मोजायचं छोटं माप) आकड्यात लिहितात, त्यामुळे एका कप्प्यात फार तर ६४ केबीच्या आसपास मावतं. या कप्प्यांत माहिती लिहायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गरजेपोटी काढल्या. आयपीटीसी ही बातमीवाल्यांची, १९९१ ची, फोटो कोणी काढला, कुठल्या शहरात, फोटोखाली ओळ काय द्यायची यासाठी. एक्झिफ ही १९९५ ची, जपानमधल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जगातली, त्यात तारीख, शटर, लेन्स, जीपीएस असं कॅमेरा स्वतःच भरतो. आणि एक्सएमपी ही फोटोशॉपवाल्या अडोबीने २००१ मध्ये आणली, २०१२ पासून ती आयएसओ या जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे.

गोची अशी की फोटोखालची ओळ या तिन्हींमध्ये लिहिता येते. एक सॉफ्टवेअर एकीतच लिहितं, दुसरं भलतीच वाचतं, मग तुम्ही चूक दुरुस्त केली तरी दुसरीकडे जुनीच ओळ दिसत राहते आणि माणूस म्हणतो मी तर बदललं होतं!

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवं. जुन्या आयपीटीसीत शहराच्या नावाला ३२ बाइट जागा आहे. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट लागतो, पण आजच्या युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांची एकच अक्षरयादी) यूटीएफ-८ या लिहायच्या पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन, आणि खूण म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं हलंत चिन्ह, सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘कोल्हापूर’ २७ बाइटमध्ये बसतं. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या मोकळ्या जागेसकट ४९ लागतात. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळणारं सॉफ्टवेअर ‘छत्रपती संभ’ इथवर लिहील, आणि पुढच्या कान्याच्या तीन बाइटपैकी एकालाच जागा उरेल. शिवाय मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहिलाय की आणखी कुठल्या पद्धतीत हे फाइलमध्ये नोंदवलं नसेल तर वाचणारं सॉफ्टवेअर त्याचा अर्थ भलताच लावतं आणि आपल्याला चिन्हांची खिचडी दिसते. एक्झिफमधली वर्णनाची जागासुद्धा मुळात साध्या रोमन अक्षरांसाठीच ठरवलेली आहे. एक्सएमपीत मात्र युनिकोडच चालतं, लांबीची तसली कटकट नाही, म्हणून मराठी मजकूर तिथे गेलाच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

तारखेचंही तसंच. स्कॅनरला काय माहीत बारसं १९६१ चं आहे, तो आजची तारीख टाकतो. पण एक्झिफमध्ये तीन तारखांना तीन जागा आहेत, मूळ फोटो कधी काढला, तो डिजिटल कधी झाला आणि फाइल शेवटची कधी बदलली. म्हणजे स्कॅनची तारीख आणि बारशाची तारीख दोन्ही सुखाने नांदू शकतात, फक्त पहिल्या जागेतली आपण हाताने भरायची. नुसतं साल माहीत असेल तर एक्सएमपीत नुसतं सालही चालतं, उगीच १ जानेवारी टाकून पुढच्या पिढीला फसवायची गरज नाही. आजोबांचा ‘वैशाख शके १८८३’ मी वर्णनात जसाच्या तसा ठेवलाय. आणि फोल्डरमध्ये फाइलसमोर जी तारीख दिसते तिच्यावर विसंबू नका, ती कॉम्प्युटरची नोंद असते, कॉपी करताना बदलू शकते.

आता पाठवणं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान करून नव्याने बनवला जातो आणि हे कप्पे गळून जातात. अनोळखी माणसाला घराचं लोकेशन जात नाही हा त्याचा मोठा फायदाच आहे, पण घरच्यांना जुने फोटो पाठवताना तेच नुकसान. तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, फाइल जशीच्या तशी जाते. स्क्रीनशॉट काढला तर मूळ माहितीतलं काहीच येत नाही. गूगल फोटोजमधून टेकआउटने, म्हणजे आपला सगळा डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्याच सोयीने, सगळं उतरवून घेतलं तर ॲपमध्ये लिहिलेलं वर्णन फोटोच्या शेजारी वेगळ्या जेसन (.json) नावाच्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतं, कचरा समजून ती डिलीट करू नका.

मी आता सगळं नव्याने लिहितेय. दहा फोटोंवर नावं टाकली, ते पेन ड्राइव्हवर घेतले, भावाच्या कॉम्प्युटरवर वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितले, आठ नीट आले, दोन फोटोंत वर्णन जुनंच दिसलं. मग एक्झिफटूल वापरलं. फिल हार्वे नावाच्या कॅनडातल्या माणसाने २००३ मध्ये सुरू केलेला हा फुकट प्रोग्राम आहे, दिसायला रुक्ष, कमांड टाइप करावी लागते, पण कुठल्या कप्प्यात काय लिहिलंय ते सगळं उघडून दाखवतो. त्यात दिसलं की दोन्ही फोटोंत एक्सएमपीमध्ये नवीन ओळ होती आणि आयपीटीसीत जुनी. दोन्हीकडे एकच ओळ लिहिली आणि भावाकडे परत उघडलं तर आली. एक्झिफटूल लिहिताना मूळ फाइलची एक प्रत आपणहून बाजूला ठेवतं, त्या प्रती मी अजून पुसलेल्या नाहीत.