बालकांमधील स्वमग्नतेविषयी परिचारिकांचे ज्ञान

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या वाढीशी निगडित, लहानपणीच दिसू लागणारी आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था आहे. इतरांशी संवाद साधताना येणाऱ्या अडचणी, त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करणे, ठरलेल्या क्रमातला बदल न खपणे, आवाज-उजेड-स्पर्श यांचा फार त्रास होणे किंवा त्यांची जाणीवच कमी असणे, ही तिची मुख्य लक्षणे. ती ओळखणे, पालकांना खरी माहिती देणे, मुलाला पुढच्या तपासणीला पाठवणे आणि असे मूल रुग्णालयात आले तर त्याची शुश्रूषा करणे, यासाठी परिचारिकेकडे लागणारी जाण हा या नोंदीचा विषय आहे. निदान करणे हे तिचे काम नाही. पण मूल निदानापर्यंत वेळेवर पोहोचते की नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

त्याचे कारण लसीकरणात आहे. भारताच्या वेळापत्रकात गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतो. स्वमग्नतेची चिन्हे ठळक होऊ लागतात तीही याच सुमारास. एम-चॅट ही पालकांना विचारायची २० प्रश्नांची चाळणीसुद्धा १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच बेतलेली आहे. बालरोगतज्ज्ञाकडे प्रत्येक मूल जात नाही, लसीला मात्र बहुतेक जातात. त्यामुळे उपकेंद्रातली आरोग्यसेविका ही या वयाच्या मुलाला पाहणारी पहिली, आणि कित्येक गावांत एकमेव, प्रशिक्षित व्यक्ती असते.

पाहायचे काय, हे सांगायला अवघड नाही. नावाने हाक मारली की मूल वळते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? स्वमग्न मूल अनेकदा आईचे मनगट धरते, तिचा हात बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. आकाशातले विमान ‘ते बघ’ म्हणून दुसऱ्याला दाखवणे तर त्याहून दुर्मीळ. बारा महिन्यांपर्यंत हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य नाही, किंवा कोणत्याही वयात आलेली बोली गेली, तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि विकासाची तपासणीही सोबतच करावी. घरात आजी म्हणते, ‘याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता.’ त्यावर सिस्टरनेही ‘बोलेल हळूहळू’ म्हटले, तर उपचारांसाठी सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे हातची जातात.

हे ज्ञान मोजण्यासाठी बऱ्याच देशांत एकच प्रश्नावली वापरली जाते. नायजेरियातील बकारे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात १९ प्रश्न आहेत: सामाजिक व्यवहारावर आठ, संवादावर एक, पुनरावृत्त वर्तनावर चार, आणि स्वमग्नतेचे स्वरूप, सुरुवातीचे वय व सोबतचे आजार यांवर सहा. स्वमग्नता म्हणजे बालवयातला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) का, असाही प्रश्न त्यात आहे. हा गैरसमज जुना आणि चिवट आहे. प्रश्नावलीने तुलना करता येते, हा तिचा मोठा उपयोग. मात्र कागदावर बरोबर उत्तर देणे आणि गर्दीच्या लसीकरण सत्रात, मांडीवर रडणाऱ्या मुलात तेच चिन्ह ओळखणे यांत अंतर आहे. ते प्रत्यक्ष मुले पाहूनच भरून निघते.

गैरसमजांपैकी दोहोंनी फार नुकसान केले. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकात स्थान दिले, पण आईवडिलांच्या कोरडेपणाचा उल्लेखही केला. पुढे ब्रूनो बेटलहाइम या लेखकाने स्वमग्नतेचा दोष आयांच्या माथी पक्का केला. संशोधनाने हे केव्हाच खोडले आहे, तरी ‘तुम्ही वेळ देत नाही म्हणून’ हे वाक्य आयांना आजही ऐकावे लागते. दुसरा गैरसमज, लसीमुळे स्वमग्नता येते हा. तो पसरवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १२ मुलांवरचा १९९८ मधील लेख ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, लाखो मुलांच्या अभ्यासांत लस आणि स्वमग्नता यांचा संबंध आढळलेला नाही. बोली हरवण्याचे वय आणि लसीचे वय एकच पडते, एवढेच. हे शांतपणे समजावणे टोचणाऱ्या परिचारिकेला जमले पाहिजे, कारण प्रश्न तिलाच विचारला जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात डॉक्टर आणि औषधनिर्मात्यासोबत एक परिचारिका असते. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि तपासायच्या विकारांत स्वमग्नताही आहे. संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तिच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. ७० पासून पुढचे गुण स्वमग्नता दाखवतात. या वाटेची माहिती पालकांना बहुधा परिचारिकेकडूनच मिळते.

वॉर्डात वेगळी जाण लागते. रक्त काढताना चौघांनी दाबून धरले, तर पुढच्या वेळी मूल दारातूनच परत फिरते. त्यापेक्षा दंडाला बांधायचा पट्टा आधी हातात द्यावा, काय होणार ते चित्रांनी दाखवावे, शक्य तर रोज तीच सिस्टर असावी आणि मॉनिटरचा आवाज कमी ठेवावा. न बोलणारे मूल डोके आपटू लागले की ‘ऑटिझममुळे करतो’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे. कान किंवा दात दुखत असेल, बद्धकोष्ठाचा त्रासही असू शकतो. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वमग्नतेचे प्रशिक्षण बंधनकारक केले. आपल्याकडे मुलाला रुग्णालयात दाखल करताना आईला ‘दुखलं की हा काय करतो?’ एवढे विचारून उत्तर केसपेपरवर लिहिले, तरी रात्रपाळीच्या सिस्टरला ते कळते.